आधी खोकली का?

पारोळ्याच्या अलीकडे, दादर काढलेल्या रानाशी
भर बारा वाजता फियाट बंद पडली.
सदुसष्टचं मॉडेल. बॉनेट उघडून
पेट्रोलच्या पंपावर ओला रुमाल ठेवला,
बाबा ठेवायचे तसा.
घोटभर पाणी मी प्यायले, उरलेलं तिला.
काही नाही.

सुपडू मिस्तरी लूनावरून आले.
पान्याला हात न लावता विचारलं,
“खोकलनी का एकदम गप व्हयनी?”

मला सांगता येईना.
मी तेव्हा धुळ्याच्या गिऱ्हाइकाशी बोलत होते:
एकदम कंडिशनमध्ये आहे, काका.

“पेट्रोलनी मरस ती खोकत मरस.
करंटनी मरस ती बोलत बी नही.”

डिस्ट्रिब्यूटरची टोपी निघाली. पॉइंट काळे.
कॉइलची वायर इंजिनाजवळ धरून म्हणाले, “मार.”
मी सेल मारला.
ठिणगी पडली, पण पिवळट,
निळी नाही, आवाजही नाही तिला.

“कंडेन्सर. तपना की सोडी देस,
थंडा व्हयना की परत धरस.”
म्हणजे मागच्या महिन्यात एरंडोलला,
चहा पिऊन आलो नि आपोआप सुरू झाली,
ते नशीब नव्हतं.

पिशवीतून कुठल्याशा जीपचा जुना काढला,
बाहेरूनच तारेनं बांधला.
दुसऱ्या सेलला गाडी उठली.

मेलेला त्यांनी माझ्या हातावर ठेवला,
अंगठ्याच्या पेराएवढा, अजून कढत.
केळीचा ट्रक धूळ उडवत गेला.

धुळ्याहून फोन.
“हॅलो,” मी म्हणाले,
“तिला एक खोड आहे.”