कटिंग मास्तर

मलाही मास्तरच म्हणतात.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
नव्वद थर कापड अंथरून
वरच्या थरावर खडू ओढतो, तो मी.
एका रेघेत नव्वद पोरांच्या बाह्या.
केरळच्या शाळा कापल्या, दुबईच्या कापल्या,
एकदा टांझानियाची, खाकी, चार खिसे.
बाईंचे कपडे मात्र कुणी मागवले नाहीत.
बाईंनी काय घालायचं ते बाईंना ठाऊक असणार,
मी धरून चाललो.

मग सौजन्याला कोरियातून कागद आला.
कुठल्याशा गावात इंग्रजी शिकवायचं,
गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
पगाराच्या आधी, तासांच्या आधी,
पहिल्याच पानावर: काय घालावे.
ती वाचत गेली, माझा चहा निवत गेला.
खांदे झाकलेले.
गळा वर. अजून वर, ती म्हणाली,
गळ्याखालचं हाडसुद्धा दिसायला नको.
गुडघ्याबद्दल त्यांचं फारसं म्हणणं नाही.

"गुडघ्याबद्दल नाही?" हिने आतून विचारलं.
मांडीवर विडीचं सूप, बोटं तंबाखूची,
माझ्या पांढऱ्या कापडाला ती आजवर शिवलेली नाही.
"मग सात रस्त्याच्या शाळेत
ओढणीला दोन्हीकडे पिना कशाला टोचून घेतल्या दोन वर्षं?"
देश बदलला की लाज जागा बदलते,
असं काहीतरी मला सुचलं.
बोललो नाही. पोरगी हसली असती.

शेवटचं कलम मोज्यांचं.
बूट दारात काढायचे, आत वेगळ्या सपाता,
म्हणून मोजे बिनभोकाचे.
हे मात्र मला पटलं.
महापालिकेच्या तेलुगू शाळेत
आमच्याही चपला दारातच असायच्या,
सुटताना दुसऱ्याच्या पायात असायच्या.
तिसरीनंतर मी अनवाणीच गेलो.

माप हिने घेतलं, मी लिहिलं.
खांदा साडेचौदा. बाही बावीस.
वहीची मागची पानं उलटली तर
सौजन्या, सातवी, खांदा बारा,
आणि पुढे माझ्याच अक्षरात:
आत मार्जिन जास्त ठेवणे, पोर वाढतेय.

एका शाळेने ऑर्डर रद्द केली होती,
नेव्ही ब्लूचा तागा तसाच पडून.
मे महिना, पारा त्रेचाळीस,
आणि मी थंडीच्या कोटाला अस्तर लावतोय.
घाम टपकला की खडूची रेघ पुसायची,
मी परत ओढायचो.
यल्लप्पा म्हणाला, "मास्तर, एकच पीस?
मशीन कशाला लावता?"
नाही लावली. कात्रीने कापला.
सव्वीस वर्षांची बाई काय वाढणार आता,
तरी शिवणीत दोन्हीकडे इंचभर सोडलं.
हाताला सवय.

सप्टेंबरात व्हिडिओ आला.
वर्गातून, तिकडची दुपार, इकडे सकाळ,
मी फोन चष्म्याजवळ धरला.
आधी पोरंच बघितली.
तिसऱ्या बाकावरच्याची कॉलर
डावीकडे पाव इंच चढलेली,
कुणी कापली देव जाणे.
मग ती दिसली.
पायात निळ्या प्लास्टिकच्या सपाता, पांढरे मोजे,
अंगात तिकडेच घेतलेला
राखाडी लोकरीचा काहीतरी,
ढगळ, खांदा कोपराकडे निघालेला.

"कोट कुठाय?" हिने विचारलं तेलुगूत.
वर्गात उकडतं अम्मा, खाली जमीन गरम असते,
तिने फोन फिरवला.
खुर्चीच्या पाठीला कोट घातलेला होता,
दोन्ही बाह्या सरळ,
पाठीत एक सुरकुती नाही.

ही माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो,
खुर्चीला बसलाय चांगला.
मार्जिन उसवू नको म्हणावं.