रंगकामासाठी माणूस पाहिजे

कांपेचेच्या इस्पितळाच्या दारावर
कागद मीच चिकटवला:
जागा एक. ऊतींना रंग देता आला पाहिजे.
पगार नियमाप्रमाणे. हात स्थिर हवा.

पहिली आली ती केस रंगवणारी.
नखांच्या कडांना तपकिरी रंग, काखेत कॅटलॉग.
"रंग तो रंगच ना, सेन्योरा?"
मला हसू आलं नाही. माझीही बोटं
एकतीस वर्षं जांभळी आहेत.
तिला कॉफी पाजली, बसचे पैसे दिले.

उरले तिघं.
निकाल लागून गेलेल्या केसांच्या, म्हणजे प्रकरणांच्या,
(सकाळपासून डोक्यात तोच शब्द घोळतोय)
ड्रॉवरमधून एकेक ब्लॉक काढून
प्रत्येकापुढे ठेवला.
मेणात बसवलेला वाटाण्याएवढा माणूस.
आमच्या खोलीत माणूस एवढाच येतो,
बाकीचा बाहेर बाकावर
गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला असतो.

एफ्राईन मेरिदाहून आलेला, तीन प्रमाणपत्रांचा.
त्याच्या पात्याखालून मेणाची फीत निघाली ती
एकही चुणी न पडता.
कोमट पाण्यावर त्यानं ती सोडली
आणि ती साय धरावी तशी पसरली.
लेआंद्रोला घाई. बोलत बोलत
स्लाइड रंगात विसरला,
केंद्रकं काळी ठिक्कर.

हा रंग आमच्याच दलदलीतल्या झाडाचा.
माझे पणजोबा कमरेएवढ्या चिखलात उभे राहून
त्याचा तांबडा गाभा तोडायचे,
जहाजं भरभरून जायची.
आता तोच गाभा परदेशी बाटलीतून
पावतीसकट घरी येतो.
नळाखाली धरला की लाली सोडतो, निळा होतो.
आमचं पाणी चुनखडीचं, त्यात घेवडा शिजता शिजत नाही,
निळं मात्र झटकन करतं.

तिसरी रोसाउरा ड्झिब, एसेल्चाकानची.
दोन वर्षं दुसऱ्या लॅबमध्ये काचा धुतल्या,
रात्री शिकली.
तिनं चाक फिरवलंच नाही.
ब्लॉक खिडकीकडे धरला, मग कागद,
मग पुन्हा ब्लॉक.
"यावर चारशे सतरा आहे.
कागदावर चारशे एकाहत्तर."

एफ्राईननं मान वर केली.
शाब्बास, हीच तर परीक्षा होती,
असं म्हणायला मी तोंड उघडलं.
शब्द अगदी ओठांवर होते.
कुणाला कळलंही नसतं.

पण तो सातचा आकडा माझा.
मधे आडवी रेघ मारलेला,
शाळेत मॅडमनी शिकवलेला.
मंगळवार असावा. संध्याकाळ.
नवा चष्मा पर्समध्येच होता,
म्हातारपण दिसतं म्हणून न लावलेला.

"ही परीक्षा नव्हती," मी म्हणाले.
एवढं बोलायला बराच वेळ लागला.

नेमणुकीचा फॉर्म तसाच राहिला
एफ्राईनच्या सुंदर स्लाइडखाली,
एक कोपरा निळा झालेला.
रोसाउरानं न विचारताच हातमोजे बदलले,
खालच्या कपाटाची किल्ली मागितली.
आम्ही दोघी जमिनीवर बसून
चारशेचे सगळे ब्लॉक उपसले.

मग फोन. दोन.
एक लागला नाही.
दुसरा एका बाईनं उचलला, मागे रेडिओ, भांडी,
म्हणाली, तो समुद्रावर गेलाय, होडीवर,
तुम्हीच तर सांगितलंत ना
काही नाही म्हणून?