घर बघायला

त्रिशलाला एम.एस्सी. भूगोलाला प्रवेश मिळाला
आणि भूगोल मला कळायला लागला.
शिरोलीची भट्टी एका टोकाला,
विद्यापीठाचं मागलं गेट दुसऱ्या,
मधे कुठंतरी ऋजुला, तिचं दप्तर, दुसरी यत्ता.
सलग तीन सुट्ट्या तिघं एका गाडीवर
कुरुंदवाडहून येऊन कोल्हापूर मोजत होतो.

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत
मालकांनी मलाच विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला?"
म्हटलं, मी फाउंड्रीत मोल्डर. शिकणार या आहेत.
त्यांनी तिच्या मंगळसूत्राकडं बघितलं,
पोरीकडं बघितलं, परत माझ्याकडं.
"आणि ह्या शिकल्यावर तुम्ही काय करणार?"
उत्तर नव्हतं. अजून नाही.
भाडं नऊ हजार, लाईट वेगळं,
रात्री दहाला जिन्याचं दार बंद.
मी दुसऱ्या पाळीतून साडेबाराला येतो
हे सांगेपर्यंत त्रिशलानं चपला घातल्या होत्या.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीत स्वस्त होतं.
नवा पिस्ता रंग, खिडकीत तुळस.
ती काही बोलली नाही. भिंतीवरून हात फिरवत गेली,
डॉक्टर पोट चाचपतात तसा,
आणि टाचा उचलून एका जागी थांबली.
रंगाखाली रेघ होती. आडवी, सरळ,
कुणी पट्टी लावून मारल्यासारखी.
आम्ही नदीकाठची माणसं,
कुठवर आलं होतं हे आम्हाला विचारावं लागत नाही.
ऋजुला त्या रेघेला पाठ लावून म्हणाली,
"एवढी व्हायला मला किती वर्षं लागतील?"
मालकीणबाई चांगल्या होत्या. चहा दिला.
"दोनदाच आलंय," म्हणाल्या.

त्या रात्री आईनं भाकरी थापता थापता सांगितलं,
पोर राहू दे माझ्याकडं. ती हॉस्टेलला राहील,
तू शिरोलीत खोली घे. दोनच तर वर्षं.
हिशेब बरोबर होता.
मी डायरीत मांडूनही बघितला:
महिना साडेतीन हजार वाचत होते.
त्रिशला नकाशावर पेन्सिलनं काही करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"दोन वर्षांत तिचे सगळे दात पडून नवे येतील."
आई म्हणाली, येऊ देत की.
पण मग तिनंच तवा उतरवला.

सरनोबतवाडी. खाली टायरचं दुकान, वर दोन खोल्या.
डोक्यावरून विमान गेलं, पोरगी खूश.
चौगले मालक खुर्चीतूनच: "आडनाव?"
मगदूम.
"म्हंजे मटण न्हाई?"
न्हाई.
"मग रविवारी करतासा तरी काय?"
मी हसलो. ते खरंच विचारत होते.
मग तिला: "तुमी काय शिकतासा?"
भूगोल.
"मग सांगा, तीनशे फूट गेलो, बोअरला पाणी का लागंना?"

ती उठली. मागच्या परड्यात जाऊन
उतार बघितला, विहीर कुठं विचारलं, मुरूम चिमटीत घेतला.
काळ्या दगडाबद्दल दहा मिनिटं बोलली.
चौगले मागं हात बांधून ऐकत होते,
मीही, लग्नाला नऊ वर्षं झालेला माणूस,
पहिल्यांदाच.
शेवटी ते एवढंच म्हणाले,
"टेबल लागंल तुमाला. माडीवर हाय एक, पाय हलतोय."

डिपॉझिट एक रुपयाही कमी झालं नाही.
इंग्लिश मीडियम सुटलं.
ऋजुला आता झेडपीच्या शाळेत जाते
आणि घरी येऊन "तुझ्या आयला" म्हणते.
पाणी मंगळवारी, टँकरनं.

पाळी सुटल्यावर हायवेनं येतो.
उचगावचा पूल उतरलं की
उसाच्या फडापलीकडं एक खिडकी दिसते, उजेडाची.
टेबलाच्या पायाखाली माझी जुनी डायरी दुमडून घातलीय,
हिशेबाची.
तरीही हलतंच ते, ती लिहायला लागली की.