दुधाच्या पावडरीचा डबा

लामूच्या गल्ल्या इतक्या अरुंद
की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटायचं.
इथलं बोलणंही तसंच.
आपण अंग चोरतो,
आणि पोती लादलेला विषय शेजारून निघून जातो.

एकोणीस वर्षं मी दवाखान्यात बाळंतपणं करतेय.
एकदा एक बावीस वर्षांची, कळा देता देता,
माझा हात घट्ट धरून विचारत होती,
"बेंबीतूनच येईल ना ते?"
त्या रात्री भातात मीठ घालायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी गेले मालिम शी यांच्याकडे.
म्हातारे ओट्यावर जाळं विणत बसलेले.
म्हटलं, मुलांना सांगायला हवं.
ते गाठी मारत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले,
"शुद्धीचा अध्याय मी दरवर्षी भरभर वाचतो.
पोरं मान खाली घालतात, मीही घालतो.
अक्षरं सगळी तिथंच असतात गं,
आम्हीच पळतो त्यांच्यावरून, तापल्या वाळूवरून पळावं तसं."

मदरशाची मागची खोली मिळाली.
मुलींना गुरुवार. मुलग्यांना शनिवार,
तेव्हा मालिम स्वतः कोपऱ्यात बसणार, जाळं घेऊन.
अट एकच : चित्रं नकोत.

मी कांगा नेला.
घडी घालून दाखवलं गर्भाशय, उलगडून दाखवली पाळी.
कांग्याच्या काठाशी एक वाक्य छापलेलं असतं,
बाईनं तोंडानं बोलायचं नाही ते कापड बोलतं.
मुली वाकून वाकून वाक्यच वाचत होत्या आधी.
मग हळूहळू वर बघायला लागल्या.

दुधाच्या पावडरीच्या डब्याला चीर पाडली.
चिठ्ठी टाका, नाव नको.
"पाळीत समुद्रात उतरलं तर शार्क येतो का?"
"बोटीत मुलाच्या शेजारी बसलं तर पोट राहतं का? बोट लहान होती."
आणि एक, चौपदरी घडीची :
"मामा म्हणतो कुणाला सांगू नकोस. मग पाप कुणाचं?"

त्या गुरुवारी बाकी काही शिकवलं नाही.
तुझं नाही, म्हटलं. तीनदा म्हटलं.
मला सांगता येईल, हेही म्हटलं.
मग रेंगाळले, कोण मागे राहतं ते बघत.
कुणी राहिलं नाही.
अजून रेंगाळते मी दर गुरुवारी,
चपला सापडत नसल्यासारखी.

रमजानच्या आधीच्या शनिवारी
डब्यात चौकटींच्या वहीचा कागद निघाला.
वही मीच आणली होती मोम्बासाहून.
अक्षर डावीकडे कललेलं, शेवटाला शेपटी.
"रोज्यात झोपेत आपोआप काही झालं तर रोजा मोडतो का?
आणि आईला कळतं का?"

खोलीत तेरा मुलगे. मी बाराजणांकडेच बघितलं.
मालिमांची सुई थांबली होती.
"मोडत नाही," मी म्हटलं. "झोपेचा हिशेब कुणी मागत नाही.
वयाबरोबर येतं ते, मिशीसारखं.
आंघोळ करायची, दिवस पुढे न्यायचा."
मालिमांनी मान डोलावली. सुई चालू झाली.
दुसऱ्या प्रश्नापाशी माझा घसा कोरडा पडला.
"आईला कळतं. ती रागवत नाही.
तिला एवढंच दिसतं की साबण लवकर संपतोय."
पोरं हसली.
एकजण हसला नाही.

घरी मात्र अळीमिळी गुपचिळी.
एवढी बडबडी मी, खवले काढत बसले मासळीचे,
आणि बुनू पंपात उगाच हवा भरत बसला.

पहाटे गच्चीवर त्याची चादर वाळत होती,
सगळे चिमटे एकाच टोकाला.
मी ते सरळ केले नाहीत.
न्हाणीघराच्या कोनाड्यात साबणाची नवी वडी ठेवली, कागदासकट.

रात्री पहिल्याच घासाला तो म्हणाला,
"भात अळणी झालाय."
"कळतं तुला?" मी विचारलं.
"कळतं," तो म्हणाला,
आणि उठून मिठाची वाटी घेऊन आला.