आले

टोलेडोबाहेरच्या यार्डात
नाकं चेपलेल्या गाड्या रांगेत उभ्या.
डेल नावाचा माणूस हातमोजे देतो,
म्हणतो, सामान काढून घ्या, काचा सांभाळून.

डिकीत दुधाचा कॅन फुटून गोठलेला.
सीटखाली तुझा डावा बूट,
पार्किंगच्या पावत्या, सुकलेलं संत्रं.

फोन सापडला ब्रेकपाशी. अजून जिवंत.
तडकलेल्या काचेतून वर आला
माझाच निरोप, काल पाच बेचाळीसचा:
कुठे पोहोचलीस? बर्फ आहे, जपून ये.

खाली तुझं उत्तर, न पाठवलेलं:
आले
'आलेच' लिहायचं असणार.
च राहिला.

तू घरी, हात गळ्यात बांधलेला,
डाव्या हाताने वरणभात सांडत जेवतेस.
हरीण आडवं आलं, म्हणतेस सगळ्यांना.
मीही तेच सांगतो.

मिळालं सगळं? डेलने विचारलं.
हो म्हटलं,
आणि तुझा फोन खिशात घातला.

परतताना माझा वाजू लागला, सीटवर, उपडा.
आईच असणार: पोहोचलास की कळव.
वाजू दिला
तेवीस नंबरच्या रस्त्यावर
कडेला थांबण्याएवढी जागा येईपर्यंत.