पातळी

आम्हा सांगलीवाडीकरांना आकड्याकडे बघत जागायची सवय आहे.
श्रावणात फोन उशाशी.
आयर्विनला किती? तेहतीस. आता? तेहतीस आठ.
कोयनेतनं किती सोडलं?
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
हे आमच्या पोरांना बाराच्या पाढ्याआधी येतं.

या वर्षी दुसरा आकडा आला.
प्रणोती चौगुलेनं मे महिन्यात
मंडळाच्या नावानं फोनवर एक पान उघडलं:
फायबरची नाव, मागं इंजिन, बारा जॅकेटं,
तीन लाख ऐंशी हजार.
खाली एक पट्टी. पैसे येतील तशी हिरवी होणारी.

मी खजिनदार. एकवीस वर्षं पावतीपुस्तक काखेत घेऊन
हळदीच्या पेठेत फिरलो.
अडत्या गल्ल्यावरूनच म्हणायचा, पुढल्या बाजारी या,
आणि चहा पाजायचा.
नाही म्हणाला तरी त्याचं तोंड दिसायचं.
इथं चार हजार जणांनी बघितलं म्हणे.
मिळाले सहाशे एक.

"काका, फोटो पाहिजे."
फोटो होता. हमिदाचाची गुळाच्या काहिलीत बसलेल्या,
दऱ्याप्पा कोळी छातीभर पाण्यात काहील ढकलतोय,
चाचींच्या मांडीवर करडू, डोईचा पदर गळालेला.
हा फोटो लाखाचा आहे, प्रणोती म्हणाली
आणि लगेच ओशाळली.

विचारायला गेलो.
चाचींनी पिठाचे हात पुसून फोन लांब धरला.
"करडू छान आलंय," म्हणाल्या. "त्याचा टाका.
दुनिया मला एकदाच बघणार,
तर अशी कशाला?"
मग ट्रंकेतून एक्कावन्न रुपये काढले, सुट्टे, मोजून,
आणि पावती मागितली.

ते मी माझ्या फोनवरून भरले.
नावाच्या जागी आपोआप 'हितचिंतक' उमटत होतं.
खोडून लिहिलं: हमिदा दस्तगीर मुल्लाणी.
जोडाक्षर जमेपर्यंत पाच मिनिटं गेली.

करडू लावलं. पट्टी जरा हलली.
शारजाहून गावच्याच एका पोराचे पाच हजार.
भुसावळच्या कुणा बाईंचे शंभर,
खाली शब्द: लवकर बरे व्हा.
नावेला, करडाला, की आम्हाला?
दऱ्याप्पाला वाचून दाखवलं.
"बराच हाय की मी," म्हणाला.

जुलै सरला तेव्हा पट्टी एकतीस टक्क्यांवर.
मग घाटमाथ्यावर कोसळायला लागला.
आयर्विन एकोणतीस, पट्टी छत्तीस.
आयर्विन चौतीस, पट्टी पन्नास.
टीव्हीवाले पुलावर आले, पट्टी बासष्ट.
ज्यांनी मे महिन्यात बोटानं आम्हाला वर सरकवलं
तेच आता काळजीनं विचारत होते, क्यूआर कुठाय?

रात्री पावणेतीन.
आयर्विन अडतीस,
पट्टी एक्याऐंशी,
आणि माझ्या मनात आलं,
अजून दीड फूट.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
माझं घर नदीकडच्या बोळात.
हमिदाचाचींचं माझ्याही खाली.
वहीत नावे-जमा सगळं लिहितो मी,
याला खातं सापडेना.

पहाटे पाणी थबकलं. मग तासाला बोटभर
उतरू लागलं.
पट्टी तिथंच राहिली.
टीव्हीवाले दुसऱ्या पुलावर गेले.
प्रणोतीनं विचारलं, देणगीदारांना काय कळवू?
कळव, म्हटलं, पाणी गावात आलं नाही,
आम्ही आभारी आहोत.
ती बराच वेळ टाइप करत राहिली, पुसत राहिली.

सोमवारी जुनं पावतीपुस्तक काढलं,
कोपरे अजून पिवळे,
आणि पेठेत गेलो.
अडत्यानं चष्म्यावरनं बघितलं.
"पाणी किती हाय?"
उतरलं, म्हटलं.
"मग आता कशाला नाव?"
असं म्हणून त्यानं पोराला
दोन चहा सांगितले.

मी बसलो.