वॉलमनचं अंगण

खांद्यावर माझ्या साडेचार फूट लोखंडी चावी,
टोकाला चौकोनी तोंड.
अमळनेरात मला नावानं कोणी ओळखत नाही.
सायकल दिसली की ओट्याओट्यावरून
एकच सवाल :
पानी कव्हय येई, भाऊ?
नवव्या दिवशी, मी म्हणतो.
कधी अकरावा उजाडतो.

वॉलचे बावीस आटे.
सोडत गेलो की जमिनीखाली कोणी खाकरतं,
आधी हवा, मग गंज,
मग पाणी.
सगळा वॉर्ड पिऊन झाला
की लाइनीच्या शेवटाला माझं घर.
तिथवर पोचतो तो सुस्कारा.

अशा घरापुढं
कोकिळानं माघात बी टाकलं.
माती कसली, मुरूम आणि फुटक्या कवेलूंचा चुरा.
सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची,
तीही काठीएवढी,
दिवसभर अंगणात गोल फिरणारी.
ऑफिस टाइम, बटणफुलं, झिनिया,
गलांडा, आणि तो नारिंगी कॉसमॉस,
ज्याला खत घातलं तर पानंच मातात.
भांडी विसळलेलं पाणी, तांब्याभर,
तेही एक दिवसाआड.
लाड नाहीत, ती म्हणायची,
लाडानं ही नासतात.

चैत्रात डांबर मऊ झालं.
कुत्री गटारीत जाऊन निजली.
बोरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळू लागली
आणि आमच्या दारात
राणी, शेंदरी, हळदी,
बटणं तर अशी जांभळी
की जणू उन्हाच्याच सदऱ्याला लावलीत.

मग लोक थांबू लागले.
फुलं बघायला नाही,
फुलांच्या बुडाशी बघायला.
रेखाबाई बडगुजर तर बोट खुपसून गेल्या मातीत.
आमना नळले पानी नही,
नि तुना दारमा फुलं!
बोट कोरडं निघालं.
तरी त्यांनी ते लुगड्याला पुसलं.
नगरपालिकेत अर्ज गेला,
खाली सतरा सह्या,
एक माझ्या साडूची.

आखाजीच्या आदल्या रात्री
आमच्याच भिंतीला लागून मेन लाइन फुटली.
मी कळवलं, दोनदा लिहून दिलं.
जोडणारा लेकीला आणायला चोपड्याला गेलेला.
चार दिवस अंगणात पाणी,
चिमण्या न्हाल्या, म्हशी थांबल्या,
सतरा सह्यांनी सतरा हंडे भरले,
आम्हीही भरले, खोटं का बोलू.
पाचव्या दिवशी ऑफिस टाइम बुडाशी काळा पडला,
देठ बोटांत विरघळले.
झिनियाच्या पानांवर पांढरी बुरशी.
कॉसमॉस आडवा.
इतक्या वर्षांत आमच्या फुलांनी पोटभर पाणी प्यालं
ते मरणाच्या वेळी.

रेखाबाई आल्या,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
हे जगतं कशावर मग?
कोकिळा फडताळाकडे गेली.
काडेपेटीत खसखशीहून बारीक बी होतं,
वाळल्या बोंडातून तिनं चैत्रातच झटकलेलं.
यांची बोली वर्षाचीच असते, ती म्हणाली,
मरायचं ठरलेलंच, म्हणून आधी बी धरून ठेवायचं.
मोजलं नाही. फुंकर लागू नये म्हणून
तोंडाला पदर लावून
अर्धं त्यांच्या तळहातावर ओतलं.

त्यांनी ते फुटक्या टाकीच्या झाकणात पेरलं, गच्चीवर.
पहिल्या आठवड्यात जास्त पाणी घातलं,
मी खालूनच ओरडलो.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
कोणाला तरी सांगितलं
की पाणी कमी करा,
आणि शिव्या पडल्या नाहीत.

आता चावी खांद्यावर घेऊन निघालो
की त्या गल्लीत दोन सवाल येतात.
पानी कव्हय येई?
नवव्या दिवशी.
नि फुलं कव्हय उघडतीन?
नऊ वाजता.

यातलं एक उत्तर
माझं अजून चुकलेलं नाही.
ढग आलेला एक दिवस सोडला तर.